पावती नेमकी कशाची?

प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. पहिला नग मशीनमधून बाहेर पडतो, तोवर पैशाचा मोठा हिस्सा खर्च होऊन गेलेला असतो. पोलादाचा ठोकळा आणा, व्हीएमसी मशीनवर कापा, स्पार्कला लावा, घासून पॉलिश करा, मग ट्रायल घ्या. ट्रायलला माल वाकडा निघाला की साचा परत टेबलावर. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. त्याच्या हातात येतो तो शेवटचा वीस-पंचवीस रुपयांचा तुकडा. भोसरीच्या टूल रूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. घर मात्र निरगुडसरलाच आहे, आणि गावच्या यात्रेच्या वर्गणीचं पावती पुस्तकही बरीच वर्षं माझ्याच हाती आहे. या दोन कामांची कधी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. ती पडली गावातल्या पोरांनी बनवायला घेतलेल्या एका व्हिडिओ गेममुळे.

गेम म्हणजे मोबाइलवरचा नव्हे. दोन्ही हातांत धरायचं यंत्र. डावीकडे अधिकच्या चिन्हाचं बटण, उजवीकडे दोन गोल बटणं, मध्ये स्क्रीन. परदेशात त्याला हँडहेल्ड म्हणतात, आता आमची पोरंही तसंच म्हणतात. आणि ते खुलं असायला हवं, हा त्यांचा हट्ट. सर्किटचा नकाशा, प्रोग्रॅम, बॉडीची ड्रॉइंग सगळ्यांना मोकळी. ज्याला हवं त्याने उघडावं, बदलावं, स्वतःचा गेम त्यात घालावा. अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी गावातली एक मुलगी आणि तिच्याबरोबरची दोन-तीन मुलं यांनी हे डोक्यात घेतलं. ती मला म्हणाली, "काका, शाळेतल्या पोरांना मोबाइलवर गेम खेळता येतो, पण तो आतून कसा चालतो हे बघताच येत नाही. ह्यात बघता येईल." मला तेवढं पुरलं.

पहिला गेम कुठला करायचा यावर फार चर्चा झाली नाही. आंबेगाव-जुन्नरकडच्या पोरांना बैलगाड्याशिवाय दुसरं सुचणार तरी काय! २०१४ पासून बंद पडलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, तेव्हा ही मुलं शाळेत होती. पुढच्या यात्रांना शर्यतीचे घाट कसे माणसांनी फुलले होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या गेममध्ये घाट आहे, खाली जुंपलेला गाडा आहे, वर निशाण आहे आणि कोपऱ्यात सेकंद पळत असतात. बटण दाबायचा ताल चुकला की बैल घाटाबाहेर. बारी किती सेकंदांत बसली त्यावर नंबर. ईएसपी-३२ नावाच्या, काही शे रुपयांत मिळणाऱ्या चिपवर हे सगळं चालतं. अमेरिकेत केव्हिन बेट्स यांनी २०१५ मध्ये लोकांकडूनच पैसे उभे करून एटीएम कार्डाएवढं 'आर्डुबॉय' बाजारात आणलं होतं. त्याचा पडदा अवघ्या १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, काळा-पांढरा. तरी जगभरच्या लोकांनी त्यासाठी शेकड्यांनी गेम लिहिले, कारण ते खुलं होतं. पोरांसमोर नमुना होता तो हा.

पहिली बॉडी पाबळला झाली. लोणी-धामणीवरून पाबळ आम्हाला लांब नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला, शाळा सुटलेल्या मुलांनी हाताने काम करत शिकावं म्हणून. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब झाली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर जगात ज्या पहिल्यांदा झाल्या त्यांत ती धरली जाते. म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगवरून वस्तू घडवणारी यंत्रं या भागातल्या मुलांना तेव्हापासून जवळ आहेत, पुण्यातल्या कित्येक कॉलेजांच्याही आधी. याचा अभिमान आम्ही म्हणावा तितका बाळगत नाही.

तिथली थ्रीडी प्रिंटरवरची बॉडी हातात घेतली आणि माझं काम सुरू झालं. अधिकच्या बटणाचंच घ्या. दिसायला सगळ्यात साधं, करायला सगळ्यात अवघड. बॉडीला अधिकच्या आकाराचं भोक, त्यातून वर आलेलं बटण, बटणाखाली रबरी पॅड, पॅडखाली कार्बनची टिकली, ती बोर्डावरच्या पट्ट्यांना टेकली की सर्किट पूर्ण. बटणाच्या पोटात मधोमध एक छोटा गोल उंचवटा द्यावा लागतो, म्हणजे ते त्याच्यावर कलतं. तो नसेल तर अंगठ्याने जरा जोर देताच चारही दिशा एकदम दाबल्या जातात आणि बैल जागेवर उभा राहतो. बटण आणि भोक यांच्यात फट किती ठेवायची? पाव मिलिमीटरच्या आसपास. कमी पडली तर घामेजल्या अंगठ्याखाली बटण अडकून बसतं, जास्त झाली तर हलवल्यावर खुळखुळ्यासारखं वाजतं. त्यात एबीएस प्लास्टिक थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आक्रसतं, तेवढं साच्यात आधीच धरावं लागतं. आतली रीब जाड केली तर बाहेरच्या पृष्ठभागावर खड्डा दिसतो. थ्रीडी प्रिंटवर यातलं काही कळत नाही. ते कळतं साच्याच्या ट्रायलला, पैसे घालून झाल्यावर.

म्हणून मी पोरांना बसवून खर्चाचा कागद केला. सर्किट बोर्डाच्या फेऱ्या आल्या, कारण पहिला बोर्ड कुणाचाच बरोबर निघत नाही. वरच्या-खालच्या बॉडीचा साचा, बटणांचा साचा, रबर पॅड. विकायचं म्हटलं तर व्हिडिओ गेमला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते, आतल्या लिथियम सेललाही वेगळी. म्हणजे लॅबच्या तपासण्यांची फी आली. यातला एकही रुपया 'एका यंत्राची किंमत' म्हणून कुणाला दाखवता येत नाही. दहा यंत्रं करा नाहीतर हजार करा, हा खर्च तेवढाच. पोरं कागदाकडे बघत गप्प झाली. मग मुलगी म्हणाली, "वर्गणी काढू."

गावाला वर्गणी नवीन नाही. यात्रेची घरटी पट्टी ठरते, पावत्या फाडल्या जातात, सप्त्याला कुणी तेलाचे डबे देतं, कुणी साखर, आणि यात्रा झाल्यावर देवळात सगळ्यांसमोर हिशोब वाचला जातो. कुणाची किती आली, मांडवाला किती गेले, शिल्लक किती. तो हिशोब ऐकायला जे येतात त्यांच्यातले निम्मे भांडायलाच येतात, आणि तेच बरं आहे. गणपती मंडळवाल्यांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते हेही पाठ असतं. तेव्हा पैसे मागायचे कसे, घ्यायचे कसे, याची रीत आमच्याकडे आहे. प्रश्न दुसराच निघाला.

देवळाच्या सभामंडपात पोरांनी यंत्र दाखवलं. लोकांना बैलगाडा फारच आवडला. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, पाचशेची नोट दिली आणि म्हणाले, "नातवाचं नाव लिहून ठेव. पहिलं यंत्र त्याला."

मी पेन थांबवलं. "नाना, पावती कशाची फाडू? देणगीची का आगाऊ रकमेची?"

"त्यात काय फरक?"

"देणगी म्हणली तर पैसे परत मागायचे नाहीत, यंत्रही मागायचं नाही. आगाऊ म्हणली तर यंत्र द्यायला आम्ही बांधलेले. आणि आत्ता आमच्याकडे यंत्र नाही, साचाही नाही."

नानांनी जरा विचार केला. "मग देणगी लिही," म्हणाले. "पण हिशोब वाचशील ना?"

लोकांच्या पैशावर खुलं यंत्र उभं करायचं तर त्याची सगळी मेख या दोन प्रश्नांत आहे असं माझं ठाम मत आहे. हे मत गावात बसून झालेलं नाही. जगात एकदा मोठ्या प्रमाणावर हा घोळ झालेला आहे, आणि तो घालणारी माणसं लबाड नव्हती. पँडोरा नावाचा खुला हँडहेल्ड हे त्याचं उदाहरण. इंग्लंड-जर्मनीतल्या हौशी लोकांनी एकत्र येऊन तो आखला. घडी घालता येणारा, आत पूर्ण लिनक्स, ८०० बाय ४८० चा टच स्क्रीन, छोटा कीबोर्ड. सप्टेंबर २००८ च्या शेवटी त्यांनी पूर्ण किंमत आगाऊ घेऊन नोंदणी सुरू केली. पहिली खेप चार हजारांची ठरली होती. यंत्रं काही आठवड्यांत येतील असं सगळ्यांना वाटत होतं. पहिली यंत्रं लोकांच्या हातात पडायला मे २०१० उजाडला. बॉडीचा साचा, बटणं, बोर्ड, जिथे हात लावला तिथे अडचण. लोकांनी यंत्रासाठी दिलेला पैसा यंत्र घडवण्याच्या खर्चात विरघळत गेला. पुढे काम जर्मनीत हलवावं लागलं. नंतर आलेल्या गिऱ्हाइकांनी जास्त किंमत मोजली आणि त्या जास्तीतून आधी पैसे भरून बसलेल्यांची यंत्रं तयार करत गेले. तरीही काहींना ते शेवटपर्यंत मिळालं नाही. पुढच्या पिढीचं यंत्र, पायरा, जर्मनीच्या मिखाएल म्रोझेक यांनी हाती घेतलं. २०१६ मध्ये नोंदणी झाली आणि २०२० संपता संपता पहिल्या काही लोकांना ते मिळू लागलं.

साचेवाला म्हणून मला या माणसांबद्दल राग येत नाही, कणव येते. त्यांनी अतिशय अवघड काम केलं. पण पावती चुकीची फाडली. देणाऱ्याच्या मनात खरेदी होती, घेणाऱ्याच्या हातून होत होता विकासाचा खर्च. देणगीदाराला उशीर चालतो, त्याने आशा विकत घेतलेली असते. गिऱ्हाइकाला चालत नाही, आणि त्याने का चालवून घ्यावा?

पँडोराची दुसरी बाजू मात्र मी पोरांना मुद्दाम सांगितली. नोटाझ या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने पँडोरासाठी प्लेस्टेशनचे जुने खेळ चालवणारा एक प्रोग्रॅम तयार केला, 'पीसीएसएक्स रीआर्म्ड'. तो खुला होता. पँडोरा मागे पडला, तो प्रोग्रॅम रास्पबेरी पायवर गेला, आणखी कितीतरी स्वस्त यंत्रांत गेला, आजही चालतो आहे. ज्यांना यंत्र मिळालं नाही त्यांचाही पैसा एका अर्थाने त्यात आहे. खुल्या कामाला दिलेली देणगी अशी उरते. बंद कंपनी बुडाली की तिची ड्रॉइंगही तिच्याबरोबर बुडतात. म्हणून विकासाचा खर्च देणगीतून व्हावा हे म्हणणं फक्त खुल्या यंत्रालाच शोभतं. ज्याची ड्रॉइंग कुलपात आहे त्याने भांडवल सावकाराकडून आणावं, लोकांपुढे झोळी पसरू नये.

हा विचार आपल्याकडे नवा आहे असंही नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातच, तळेगाव दाभाड्याला, १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. पैसा देणाऱ्या कुणाला काचेचा पेला घरपोच मिळणार नव्हता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. परदेशात काचेचं काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तिथे कारखाना चालला आणि मुलं शिकली. त्या शिकलेल्यांनी पुढे ठिकठिकाणी काचेचे कारखाने काढले. लोकांच्या पैशातून सगळ्यात टिकाऊ काय निघालं, तर ती विद्या. मला हे उदाहरण पँडोरापेक्षा जवळचं वाटतं, आणि सभामंडपात तेच जास्त पटलंही.

शेजारच्या पारगावचा भीमाशंकर साखर कारखाना मात्र वेगळ्या तऱ्हेचा. तिथे शेतकऱ्याने शेअर घेतला, तो सभासद झाला, त्याला मत मिळालं, उसाची नोंद मिळाली. हा तिसरा पैसा, भागभांडवलाचा. एकाने सभेत सुचवलं की यंत्राचेही शेअर काढू. मी विरोध केला. शेअर आला की नफा आला, नफा आला की ड्रॉइंग लपवायची इच्छा आली. यंत्र एकदा चालू होऊ द्या, ते बनवून विकणारी सहकारी संस्था कुणी काढली तर जरूर शेअर काढा. विकासाच्या टप्प्यावर नको.

मग आम्ही दोन वह्या घातल्या. पहिली देणगीची. तिच्यातला पैसा बोर्ड, साचा, तपासणी आणि माणसांचा वेळ यांवरच जायचा, आणि एका टप्प्याचा हिशोब वाचून झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यासाठी हात पसरायचा नाही. टप्पा संपला की त्यातली सगळी ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम त्याच दिवशी मोकळे करायचे, यंत्र पूर्ण होवो न होवो. दुसरी वही आगाऊ रकमेची, आणि ती अजून कोरीच ठेवली आहे. साच्याची ट्रायल पास होऊन माल हातात आल्याशिवाय तिच्यात एक नाव चढणार नाही. ती वेळ आल्यावर तिचं बँक खातंही वेगळं असेल आणि त्या पैशातून फक्त त्या-त्या माणसाच्या यंत्राचे सुटे भाग आणले जातील.

माणसांच्या वेळेवरून मात्र वाद झाला, आणि तो चांगलाच रंगला. गावात कुणी म्हणालं, "पोरं हौसेने करतात, त्यांना पैसे कशाला?" वर्गणीच्या कामात स्वयंसेवक पैसे घेत नाही, हे खरंच आहे; मीही यात्रेच्या हिशोबाचे कधी घेतले नाहीत. पण यात्रा चार दिवसांची. त्या मुलीने स्क्रीनचा प्रोग्रॅम रात्र-रात्र जागून लिहिला, परीक्षा तोंडावर असताना. घरी पैशाची ओढ, उन्हाळ्यात बटाट्याच्या गोणी भरायच्या की प्रोग्रॅम लिहायचा हा तिच्यापुढचा खरा प्रश्न. जगभरात अशा खुल्या कामांची रड हीच आहे. वापरणारे लाखो, करणारा एक, तोही नोकरी सांभाळून. आणि एक दिवस तो थकून सोडून देतो. मी सभेत स्पष्ट सांगितलं की देणगीतला पहिला वाटा माणसाला जाईल, साच्याला दुसरा. साचा थांबला तर गंजणार नाही, आम्ही ऑइल लावून ठेवू. माणूस थांबला तर परत येत नाही. बायकांच्या बाजूने एक काकू म्हणाल्या, "पोरीला द्या, आमची हरकत नाही." तिथे वाद मिटला. दर महिन्याला तिला ठरावीक रक्कम मिळते, आणि हिशोबात ती तिच्या नावावर सगळ्यांना दिसते.

परदेशातूनही विचारणा झाली. गावातली काही मुलं अमेरिकेत, दुबईत आहेत. इथे कायदा आडवा येतो. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि त्यासाठी एफसीआरए कायद्याखालची नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. एकाने "कुणाच्या तरी नावावर पाठवतो" असं सुचवलं. आम्ही नाही म्हणालो. त्याऐवजी त्याने प्रोग्रॅममधल्या चुका शोधून दुरुस्त करून पाठवल्या. कोडला व्हिसाही लागत नाही आणि एफसीआरएही नाही, आणि मला विचाराल तर ती देणगी कुठल्याही चेकपेक्षा मोठी होती.

आज स्थिती अशी आहे. बोर्डाची दुसरी फेरी चालते, थ्रीडी प्रिंटच्या बॉडीतली मोजकी यंत्रं गावातल्या शाळकरी मुलांच्या हातात फिरताहेत, आणि एका मुलाने त्यात स्वतः बिबट्या घातला आहे, जो उसातून अचानक बाहेर येतो. पहिल्या दोन टप्प्यांचे हिशोब देवळात वाचून झाले. साच्याची ऑर्डर अजून दिलेली नाही, कारण तेवढे पैसे अजून जमलेले नाहीत, आणि उधारीवर साचा करायचा नाही असं ठरलं आहे.

भोसरी, चाकण, रांजणगावच्या टूल रूमवाल्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शेडच्या कोपऱ्यात बंद पडलेल्या मॉडेलचे मोल्ड बेस पडून असतात, भंगारात जायची वाट बघत. रात्रपाळीला व्हीएमसी तास-तास रिकामं उभं असतं. कुठल्याही गावातली अशी पोरं तुमच्या दारात आली तर त्यांना तो बेस आणि ते तास द्या. त्याची किंमत काढा, देणगी म्हणून पावती मागून घ्या, आणि हिशोब वाचायच्या दिवशी येऊन बसा.